चौथ्या गड्यावाचून

वयोवृद्ध कलावंत पुन्हा रंगमंचावर येणार असे वर्तमान कानी आले म्हणजे रसिकाच्या मनात आनंदाच्या पाठोपाठ एक भयही येऊन उभे राहते. आणि ह्या भयाचे स्वरूप ज्यांस समजून घ्यावयाचे असेल त्यांनी सांगली-मिरजेकडील एखाद्या जुन्या नाट्यवेड्या घरात बसून बालगंधर्वांच्या उत्तरायुष्याचा विषय काढून पाहावा. नागठाणे हे गंधर्वांचे गाव ह्याच जिल्ह्यातले, आणि १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरल्यावर शकुंतलेच्या वेषात ते प्रथम प्रेक्षकांपुढे आले तेही मिरजेस. त्यामुळे त्यांच्याविषयीच्या आठवणी इकडे एखाद्या वतनाप्रमाणे बापाकडून मुलाकडे चालत आलेल्या आहेत, आणि वतन म्हटले की भाऊबंदकी आलीच, तशी ह्या आठवणींतही दोन तट आहेत. एका तटाचे म्हणणे असे की, अंग सुटल्यावर आणि दम उतरल्यावर त्यांनी नायिकेचा शालू पुन्हा नेसावयास नको होता. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, पहिला स्वर लागताच तो देह दिसेनासा होई आणि उरे ते केवळ गाणे. माझ्या वडिलांच्या पिढीने हा वाद हिरिरीने घातलेला मी ऐकला आहे. परंतु त्या वादातले दोन्ही पक्ष एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी नांदू शकतात, हे मला फार उशिरा, आणि अगदीच निराळ्या मुलखातल्या कलावंतांच्या निमित्ताने कळले.

ते कलावंत म्हणजे ‘ब्लॅक सॅबथ’ ह्या नावाने जगास ठाऊक असलेली इंग्लंडातील बर्मिंगहॅमची चौकडी: गायक ऑझी ऑझबर्न, गिटारवादक टोनी आयोमी, बेसवादक व बहुतेक गीतांचा लेखक गीझर बटलर, आणि ड्रमवादक बिल वॉर्ड. ज्या संगीतप्रकारास ‘हेवी मेटल’ म्हणतात त्याचे जनकत्व बहुतेक जाणकार ह्यांच्याकडेच देतात. १९६८ साली एकत्र आलेल्या ह्या मंडळींनी पहिल्या दहा वर्षांत आठ अल्बम काढले, १९७९ साली ऑझीला काढून टाकण्यात आले, पुढे गायक बदलत गेले, मधूनमधून समेट होऊन जलसेही झाले. परंतु ऑझीच्या गळ्यातला संपूर्ण नवा अल्बम काही निघाला नाही. तो निघाला १० जून २०१३ रोजी. नाव ‘१३’. १९७८ च्या ‘नेव्हर से डाय!’ नंतर पस्तीस वर्षांनी आलेला हा अल्बम इंग्लंडच्या विक्रीत अव्वल ठरला, आणि हा मान त्या मंडळींना त्यापूर्वी १९७० साली ‘पॅरनॉइड’मुळे मिळालेला असल्याने मधे सुमारे त्रेचाळीस वर्षे गेली होती, अमेरिकेत तर पहिले स्थान त्यांना आयुष्यात प्रथमच मिळाले. त्यातल्या ‘गॉड इज डेड?’ ह्या गाण्यास पुढल्या वर्षी ग्रॅमी पारितोषिकही लाभले. एवढा जयजयकार चालू असताना माझ्यासारख्या जुन्या चाहत्याने समाधान पावून गप्प बसावे, हे रीतीला धरून झाले असते. मला ते जमले नाही. २२ जुलै २०२५ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी ऑझी निवर्तला आणि सॅबथच्या खात्यात नव्या नोंदी होण्याचा संभव संपला. म्हणून ही कैफियत आता लिहून काढीत आहे.

सातारा-सांगलीसारख्या उसाच्या, हळदीच्या आणि कीर्तनाच्या मुलखात हे गाणे शिरले कसे, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. ते शिरले कोऱ्या कॅसेटीतून. १९८० नंतरच्या दशकात विश्रामबागेतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुंबईची मुले सुटी संपवून महालक्ष्मी एक्सप्रेसने उतरत, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत घरच्या लाडूंच्या डब्याखाली दोन-चार कॅसेटी असत. मूळ प्रत कोणाच्या तरी परदेशस्थ मामाने आणलेली, तिची नक्कल, त्या नकलेची नक्कल, असे होत होत आमच्यापर्यंत आलेल्या त्या गाण्यात गायकाच्या आवाजाइतकीच टेपची खरखर असे, आणि ती खरखर हाच त्या संगीताचा एक गुण आहे असे आम्ही काही काळ समजत होतो. गाण्याचे शब्द कळत नसत. वेष्टन नसल्यामुळे वादकांचे चेहरे ठाऊक नसत. साताऱ्यास माझ्या मावशीच्या वाड्यात एकदा दुपारी हे लावले असता खालच्या चौकातून यंत्र बिघडले आहे काय अशी पृच्छा झाली होती. आज त्याच साताऱ्यात विसर्जनाच्या रात्री ध्वनिक्षेपकांची जी भिंत उभी केली जाते तिच्यापुढे सॅबथ म्हणजे सोज्वळ भजनी मंडळ वाटावे. पण तो विषय निराळा, आणि पोलिसांच्या अखत्यारीतला.

शब्दांवाचून, चेहऱ्यांवाचून जे पोहोचले तो नाद होय. आणि तो नाद आम्हांस परका वाटला नाही, ह्याचे कारण पुढे शोधू लागलो तेव्हा ते मला घराच्या आसपासच, एक किर्लोस्करवाडीस आणि दुसरे मिरजेस सापडले.

पहिले कारण लोखंडाचे. १९६५ साली बर्मिंगहॅममधील एका पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांचा टोनी आयोमी नोकरीचा शेवटचा दिवस भरत होता. जर्मनीच्या दौऱ्यावर निघालेल्या एका वाद्यवृंदात त्याला जागा मिळाली होती, दुपारच्या जेवणाला घरी आल्यावर परत जाऊच नये असे त्याच्या मनात होते, परंतु हाती घेतलेले काम पुरे करून यावे असा आईचा आग्रह पडल्याने तो परतला. त्या दिवशी एक कामगार गैरहजर असल्यामुळे त्याच्या जागी, कधी न चालविलेल्या दाबयंत्रावर, ह्याला उभे करण्यात आले आणि त्या यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके घेतली. तो डावखुरा असल्याने गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच. वादन संपले असे वैद्यांनी सांगून टाकले. तेव्हा कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्ट ह्या, जळीत अपघातात डाव्या हाताची दोन बोटे जायबंदी होऊनही थोर पदास पोहोचलेल्या गिटारवादकाची ध्वनिमुद्रिका ऐकविली. आणि ह्या पोराने भांडी घासण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोकांस बसतील अशा टोप्या घडविल्या, त्यांवर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटविले, जाड तारा दाबवत नाहीत म्हणून बँजोच्या बारीक तारा चढविल्या, आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ ह्या तिसऱ्या अल्बमपर्यंत येता येता त्याच तारा तीन अर्धस्वरांनी उतरवून सैल केल्या. जगभर ज्याला ‘मेटलचा जड आवाज’ म्हणतात त्याच्या मुळाशी ही एका कामगाराची तडजोड आहे.

ज्या मुलखाने लक्ष्मणराव किर्लोस्करांची कहाणी ऐकलेली आहे त्या मुलखास ह्यात नवल ते काय वाटावे? चित्रकलेच्या ध्यासाने मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेलेल्या ह्या माणसास काही रंग ओळखता येत नाहीत असे निष्पन्न झाले. रंग सुटले तेव्हा त्यांनी यंत्रांच्या आराखड्यांची रेषा धरली, आणि तीमधून लोखंडी नांगर निघाला. नांगरही सुखासुखी विकला गेला नाही, कारण लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष कालवले जाते असा शेतकऱ्यांचा पक्का समज होता आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाशेजारची उजाड, निवडुंगाची जमीन दिली, १९१० साली तेथे कारखाना उभा राहिला, आणि स्थानकाचे नावच किर्लोस्करवाडी झाले. सातारारोडला धनजीशा कूपर ह्यांनी असाच नांगरांचा आणि एंजिनांचा कारखाना काढला. हेच कूपर १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले, हे आज साताऱ्यातही फारसे कोणाच्या स्मरणात नसते. ह्या दोन कारखान्यांच्या आसऱ्याने वाढलेल्या वस्त्यांत तीन पिढ्या ओतशाळेचा भोंगा, हातोड्याचा ठोका आणि लेथची किणकीण ऐकत झोपी गेल्या आहेत. बर्मिंगहॅमच्या अॅस्टन भागात बिल वॉर्ड, बटलर आणि ऑझी ह्यांचे बालपण अशाच आवाजांत गेले. ऑझीने मोटारींचे भोंगे जुळविण्याच्या कामावर आणि पुढे कत्तलखान्यातही दिवस काढले होते. तेव्हा ह्या गाण्यातला ठोका मला सैतानाचा न वाटता पाळीवर निघालेल्या कामगाराचा वाटला, ह्यात माझ्या कल्पनाशक्तीचे श्रेय फारसे नाही.

दुसरे कारण मिरजेचे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतारी आणि तंबोरे घडतात. फरीदसाहेब सतारमेकरांपासून चालत आलेल्या ह्या विद्येस २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूरकडील भोपळा, त्यावर बसविलेली दांडी, तबली, खुंट्या, हे सगळे सुतारकाम आणि कोरीवकाम पाहावयास लोक जातात. परंतु खरी करामत शेवटी असते ती जवारी काढण्यात. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा कानशीने इतका हलका उतरता करावा लागतो की, छेडलेली तार एकदम मोकळी न सुटता त्या माथ्याला पुनःपुन्हा घासत राहावी आणि तारेखाली सूत सरकविताच निव्वळ टणत्कार जाऊन तो झणकार उठावा ज्यात एका स्वराच्या पोटातून अनेक उपस्वर बाहेर येतात. म्हणजे स्वच्छ नाद मुद्दाम बिघडवून तो समृद्ध करण्याची ही युक्ती आहे. गिटारचा ध्वनिवर्धक त्याच्या ताकदीपलीकडे ताणला म्हणजे ध्वनिलहरींचे माथे कापले जाऊन नेमके हेच होते: मुळात नसलेले उपस्वर उत्पन्न होतात, आणि ज्याला सामान्य श्रोता खरखर म्हणतो तो झणकार उठतो. हा झणकार तिसऱ्या स्वराची भर सोसत नाही, स्वर गढूळ होतात. म्हणून मेटलचे वादक बहुधा षड्ज आणि पंचम असे दोनच स्वर एकत्र छेडतात, आणि जायबंदी बोटांच्या आयोमीला तर ते सोयीचेच होते. षड्ज-पंचमावर जुळविलेला, खर्ज खाली उतरविलेला, जवारी खुललेला नाद! सतारमेकर गल्लीतल्या एका वृद्ध कारागिराला मी एकदा सॅबथची एक जुनी सुरावट ऐकविली, तेव्हा पोर काय दंगा करते आहे ह्याकडे त्याचे लक्षही गेले नाही. खर्ज चांगला बोलतो आहे, जवारी मात्र जरा अधिक खुली ठेवली आहे, असा त्याने अभिप्राय दिला आणि तो पुन्हा कानशीकडे वळला. ह्याहून नेमके परीक्षण मी इंग्रजी मासिकांतही वाचलेले नाही.

ह्याच ओघात त्या कुप्रसिद्ध स्वराचेही सांगून टाकतो. १३ फेब्रुवारी १९७० ह्या शुक्रवारी निघालेल्या, आणि आदल्या ऑक्टोबरात अवघ्या एका दिवसात ध्वनिमुद्रित झालेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमचे पहिले गाणे पाऊस, मेघगर्जना आणि चर्चची घंटा ह्यांनंतर तीनच स्वरांवर उभे राहते: षड्ज, वरचा षड्ज, आणि तेथून घसरून तीव्र मध्यम. षड्ज आणि तीव्र मध्यम ह्यांच्या अंतरास युरोपात ‘संगीतातला सैतान’ म्हणत आले. त्यामुळे तिकडील श्रोत्यांच्या अंगावर काटा आला ह्याचे आश्चर्य नाही. परंतु ज्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि मीरासाहेबांच्या उरुसात रात्ररात्र गाणे चालते, तेथल्या कानांस तीव्र मध्यमाचे भय वाटण्याचे कारण नव्हते. पूरिया आणि मारवा ह्यांनी तो स्वर आम्हांस दिवेलागणीचा म्हणून शिकविलेला आहे. तेव्हा सॅबथचे ते गाणे मला आजतागायत भेसूर वाटलेले नाही. ते मला संध्याकाळचे वाटते.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

११ नोव्हेंबर २०११ रोजी लॉस एंजेलिसमध्ये चौघांनी एकत्र बसून पुनर्मीलनाची घोषणा केली. दोन महिन्यांच्या आत आयोमीस लसिकाग्रंथींचा कर्करोग असल्याचे निदान झाले. आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये बिल वॉर्डने जाहीर निवेदन काढले की, सही करण्याजोगा करारनामा आपल्यापुढे ठेवण्यात आलेला नाही, तो ठेवल्यावाचून आपण येणार नाही. त्या करारनाम्याची कलमे काय होती, वॉर्डची प्रकृती हे कारण होते की रक्कम, ह्याविषयी उभय पक्षांचे जाबजबाब बरेच झाले, त्यांची छाननी करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही; परिणाम एवढाच की, ड्रमवर ‘रेज अगेन्स्ट द मशीन’चा ब्रॅड विल्क बसला, आणि चौकडीतले तिघेच अल्बमात उरले. निर्माता म्हणून रिक रुबिन हा अमेरिकन गृहस्थ नेमण्यात आला. ह्या रुबिनने पहिल्याच बैठकीत मंडळींना त्यांचाच पहिला अल्बम ऐकविला, आणि तुम्ही हेवी मेटल वाजविता हे विसरून जा, ह्या अल्बमच्या पुढचा अल्बम आज करावयाचा आहे असे समजून चला, अशा अर्थाचा सल्ला दिला.

सल्ला सकृद्दर्शनी शहाणपणाचा वाटतो, आणि तोच ह्या अल्बमला भोवला असे माझे मत आहे. एकविशीतल्या माणसांनी एका दिवसात, पैसे नाहीत म्हणून आणि वेळ नाही म्हणून, जे जसे वाजले तसे मुद्रित केले त्याचा अनुवाद पासष्टीच्या घरात आलेल्या, सांपत्तिक विवंचना कधीच मिटलेल्या माणसांनी काही महिने खपून करावयाचा, हा बेतच मुळात विपरीत. ‘एन्ड ऑफ द बिगिनिंग’ हे पहिले गाणे त्या पुरातन पहिल्या गाण्याच्याच चालीने संथ, जड पावले टाकीत येते आणि त्याच्याप्रमाणेच उत्तरार्धात दौडू लागते. ‘झाइटगाइस्ट’ ऐकताना १९७० च्या ‘प्लॅनेट कॅरव्हॅन’ची आठवण टाळताच येत नाही: तीच हलकी गिटार, तोच हातवाद्याचा ठेका, तेच अंतराळात तरंगणे. ‘डॅमेज्ड सोल’मध्ये ऑझीने हार्मोनिका काढली की ‘द विझर्ड’ समोर उभा राहतो. आणि शेवटच्या ‘डिअर फादर’च्या अंती तोच पाऊस, तीच मेघगर्जना, तीच घंटा वाजते. हा शेवट पुष्कळ चाहत्यांना वर्तुळ पूर्ण झाल्यासारखा वाटून त्यांचे डोळे पाणावले. मला मात्र, पाणावलेल्या डोळ्यांनीच, असे वाटले की, आपल्याला आपल्याच आठवणी पुन्हा विकण्यात आल्या आहेत, आणि आपण त्या आनंदाने, पुरती किंमत मोजून घेतल्या आहेत.

ह्याचा अर्थ अल्बम वाईट आहे असा मात्र कोणी करू नये. आयोमीने उपचारांच्या फेऱ्यांच्या दरम्यान, थकव्याने ग्रासलेला असताना, ह्या सुरावटी रचल्या आणि वाजविल्या. ‘गॉड इज डेड?’च्या जवळजवळ नऊ मिनिटांत त्याच्या हाताखालचा खर्ज ज्या सावकाशीने उकलत जातो, आणि बटलरचा बेस त्याच्या सावलीत न चालता मधेच बाजूस होऊन स्वतःचे सांगू लागतो, त्या जागा तरुण वादकांस साधणाऱ्या नव्हेत. ऑझीचा गळा उतरला होता, १९७५ च्या वरच्या पट्टीतल्या आरोळ्या त्याला आता झेपत नव्हत्या, म्हणून चाली त्याच्या आवाक्यात बसविलेल्या आहेत. आणि आश्चर्य असे की, ह्या उतरलेल्या पट्टीतच त्याचे गाणे मला सर्वांत खरे वाटले. ‘एज ऑफ रीझन’मध्ये तो गात नाही, साक्ष देतो. जेथे वय लपविण्याचा बंदोबस्त केलेला नाही तेथे अल्बम थोर आहे, आणि जेथे १९७० चा वेष चढविला आहे तेथे तो शालूतल्या वृद्ध नायिकेची आठवण देतो. बालगंधर्वांविषयीच्या वादातले दोन्ही तट एकाच मनात नांदतात असे वर म्हटले ते ह्याच अनुभवावरून.

आणखी एक तांत्रिक तक्रार नोंदवून ठेवणे भाग आहे, कारण तीबाबत मिरजेचा कारागीर आणि मी एकमताने उभे राहू. अलीकडे ध्वनिमुद्रणाचे अंतिम संस्करण करताना हलका नाद उचलून आणि भारी नाद दाबून सगळेच एका पातळीवर, शक्य तितक्या मोठ्या आवाजात आणून बसविण्याचा शिरस्ता पडला आहे. रुबिनच्याच देखरेखीखाली २००८ साली निघालेल्या मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’वर ह्याच कारणाने टीकेचे मोहोळ उठले होते. ‘१३’वरही हाच प्रयोग झालेला आहे. तारेचा झणकार खुलतो तो आघात आणि विराम ह्यांच्यामधल्या अवकाशात. तो अवकाशच भरून टाकला म्हणजे जवारी बंद होते आणि उरतो तो केवळ मोठा आवाज. आमच्या खरखरत्या कॅसेटीतदेखील पहिल्या अल्बमातली ती शांतता ऐकू येत असे. ह्या चकचकीत तबकडीत ती येत नाही.

तक्रार करणाऱ्याने, मग पुनरागमन कसे असावे, हेही सांगितले पाहिजे; आणि त्यासाठी मला इंग्लंडास जाण्याची गरज नाही, मुंबईपर्यंत गेले म्हणजे पुरे. १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ ह्या नावाचा वाद्यवृंद उभा राहिला. उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बालापोरिया, मार्क सेल्विन, जयेश गांधी, मार्क मेनेझिस ही त्यातली प्रमुख नावे. परकीयांच्या गाण्यांच्या नकला करीत बसण्याच्या काळात ह्यांनी स्वतःची इंग्रजी गाणी रचली, १९८८ साली ‘रॉक एन रोल रेनेगेड’ काढला, रंगभवनच्या उघड्या प्रेक्षागृहात हजारोंना नाचविले, १९९३ साली नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले, आणि १९९७ साली मंडळी पांगली. त्यांची जातकुळी अस्सल मेटलची नव्हे, हार्ड रॉकची. तरी आमच्या वसतिगृहात सॅबथच्या कॅसेटीशेजारी त्यांची कॅसेट असे, आणि तिनईकर हे आडनाव वेष्टनावर वाचून आमच्यातल्या एकाने आपल्यालाही गिटार येऊ शकेल असा निष्कर्ष काढून कोल्हापुराहून एक गिटार आणली होतीही. (ती पुढे कपडे वाळत घालण्याच्या तारेसाठी उपयोगी पडली.)

ह्यांतली काही मंडळी २०१० साली पुन्हा एकत्र आली, रुशाद मिस्त्री आणि जय रो कवी ही तरुण जोडी बेस व ड्रमसाठी सोबत घेतली, आणि २०१२ साली, १९९५ च्या अल्बमनंतर सतरा वर्षांनी, ‘इव्हॉल्व्ह’ काढला. त्याचे मिश्रण टिम पामर ह्या नामांकित तंत्रज्ञाने केले. मी तो ऐकला तेव्हा प्रथम निराश झालो, कारण रंगभवनचा तो उनाड, उसळता आनंद त्यात कोठेच नव्हता: ‘फायरफ्लाइज’ आणि ‘डिझॉल्व्ह’ ही गाणी संथ, गुंतागुंतीची, काहीशी विषण्ण, ज्यांना घरे, हप्ते, दुरावलेली शहरे आणि अर्धवट राहिलेले बेत ठाऊक आहेत अशा माणसांची होती. पुढे लक्षात आले की, ही निराशाच त्या अल्बमची पावती आहे. ह्या मंडळींनी आपल्या तारुण्याची नक्कल करण्याचे साफ नाकारले होते. त्यांना कोणी रुबिन भेटला नाही हे त्यांचे दैव. विक्रीत म्हणाल तर सॅबथच्या शतांशही हा अल्बम गेला नसेल, सांगलीत तो मागवावयासच मला दुकानदाराची मनधरणी करावी लागली. तरी दोन्ही अल्बम शेजारी ठेवले आणि पुनरागमन म्हणून कोणते अधिक प्रामाणिक असे विचारले, तर माझा फैसला मुंबईकरांच्या बाजूने आहे.

मग सॅबथविषयी तक्रारीचे मूळ केवळ रुबिनच्या सल्ल्यात आहे काय? पुष्कळ वर्षे मी तसे मानीत होतो. ५ जुलै २०२५ रोजी, अॅस्टनमधल्या त्यांच्या जुन्या गल्ल्यांपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या व्हिला पार्क मैदानावर निरोपाचा जलसा झाला. त्याचे प्रक्षेपण आमच्याकडे दिसू लागले तेव्हा आषाढी एकादशीची पहाट होत होती आणि शेजारच्या घरात पंढरपूरच्या महापूजेसाठी दूरचित्रवाणी संच लावलेला होता. कंपवाताने जर्जर झालेला ऑझी सिंहासनावर बसून गायला. उठणे त्याला शक्य नव्हते. परंतु ड्रममागे ह्या वेळी बिल वॉर्ड होता. २००५ नंतर चौघे प्रथमच एकत्र वाजवीत होते, आणि वाजविली चारच गाणी: ‘वॉर पिग्ज’, ‘एन. आय. बी.’, ‘आयर्न मॅन’, ‘पॅरनॉइड’. वॉर्डचा हात पूर्वीचा राहिलेला नव्हता, ताल कोठे कोठे मागे रेंगाळत होता. आणि त्या रेंगाळण्यातच ते सगळे होते जे ‘१३’मध्ये मला सापडले नव्हते. ब्रॅड विल्क हा निर्दोष वादक आहे. तो मात्रेवर नेमका पडतो. वॉर्ड जाझ ऐकून वाढलेला माणूस. तो मात्रेच्या किंचित मागे राहून आयोमीच्या तारेला वाट देतो, तबलजी गवयाला देतो तशी, आणि सॅबथचा जो जडपणा म्हणून आपण नावाजतो तो अर्धा ह्या मागे राहण्याचा आहे. तेव्हा दोष रुबिनपेक्षा त्या करारनाम्याचा अधिक. तो सही करण्याजोगा झाला असता, तर १९७० चा वेष अंगावर चढविण्याची गरजच पडली नसती. म्हातारी चौकडी म्हाताऱ्या चौकडीसारखी वाजली असती, आणि ते पुरले असते.

ज्या वाचकास हे संगीत अपरिचित आहे त्याने आरंभ ‘१३’पासून करू नये. १९७० चा पहिला अल्बम दिवेलागणीच्या वेळी, बेताच्या आवाजात लावावा. मग ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’. त्यानंतर ‘१३’मधली ‘गॉड इज डेड?’ आणि ‘एज ऑफ रीझन’ ही दोन गाणी तेवढी ऐकून बाकीचा अल्बम चाहत्यांकडे राहू द्यावा. ‘१३’ची नोंद पुनरागमनाचा अल्बम म्हणून सर्वत्र होते आणि होत राहील, तिला माझी हरकत नाही, परंतु दप्तर नीट ठेवावयाचे तर एवढे लिहून ठेवले पाहिजे की, तो तिघांचा आहे, आणि चौघांनी मिळून केलेला शेवटचा संपूर्ण स्टुडिओ अल्बम १९७८ चा ‘नेव्हर से डाय!’ हाच आहे.